शेऱ्याचा रकाना

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, एकदा ट्राय तर करून बघा." अहो, काय ट्राय करू? बटाटा? सदुसष्ट वर्षं बटाटा खातोय मी. तो स्क्रूसारखा गोल गोल कापला, काठीला ओवला, तळला आणि माणसाच्या हातात उभा दिला, म्हणून काय नवीन झाला? बटाटाच तो. फक्त आता तो उभ्याने खायचा, चालता चालता खायचा आणि एकाच हाताने खायचा, कारण दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइल कशाला, तर बटाट्याचा फोटो काढायला. फोटो मनासारखा येईपर्यंत बटाटा गार होतो, मग तो गार बटाटा चावायचा आणि म्हणायचं 'ऑसम'. तुम्हाला सांगतो, माझं काही म्हणणं नाही. खा. तुमचं पोट, तुमचा मोबाइल. पण जिथे उभे राहून खाताय ना, ती गल्ली आमच्या ताईची आहे.

म्हणजे ताईची तशी नव्हे. कागदोपत्री ती नगरपालिकेची, आणि कागदोपत्री काय असतं ते मला कोणी शिकवू नये, कारण त्याच नगरपालिकेत छत्तीस वर्षं मी कारकून होतो, त्यातली शेवटची अकरा बाजार विभागात. पण जुन्या मंडईच्या मागच्या अंगाला ही गल्ली, गल्लीकडे तोंड करून गाळा नंबर सतरा, कांदे, बटाटे, लसूण, आणि त्या गाळ्यात माझी थोरली बहीण बेचाळीस वर्षं बसतेय. आता बेचाळीस वर्षं एका जागी बसलेल्या माणसाची ती जागा नाही तर कोणाची? फाइलची?

मंडईला दारं दोन. पुढच्या दाराने सकाळची गिऱ्हाइकं येतात, ती पुढच्या पुढे भाजी घेऊन परत जातात, मागे कोणी फिरकत नाही. सकाळी ताईच्या गाळ्यावर फक्त दोघं, एक माशी आणि दुसरा मी. तिचा खरा धंदा चार वाजता सुरू व्हायचा. बसथांबा गल्लीच्या तोंडाशी. कामावरून सुटलेली माणसं उतरायची, गल्लीतून घरी जायची, आणि जाता जाता, "ताई, दोन किलो कांदे, पण बघून हं." ताई बघूनच द्यायची. चार ते आठ. या चार तासांवर तिने दोन मुली शिकवल्या, लग्नं केली, नवऱ्याचं आजारपण काढलं. आणि नेमके तेच चार तास, तीच गल्ली, यांना हवी. रोज चार ते दहा, काय तर म्हणे 'स्ट्रीट फूड मार्केट'. शहरात दुसरी गल्लीच नाही. बाकी सगळीकडे काय समुद्र आहे?

हे सगळं आणलं एका दाढीवाल्याने. नाव मला ठाऊक आहे, पण मी घेत नाही. दाढी इतकी कोरीव की एखाद्याला वाटावं, रोज सकाळी पट्टी लावून आखतो. तो आला ताईच्या गाळ्यावर, ओट्यावर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, तुमचाच फायदा आहे. फूटफॉल किती वाढेल बघा."

ताईने माझ्याकडे बघितलं. "काय वाढेल म्हणतोय रे हा?"

म्हटलं, "पाय. पायांचा धबधबा."

"पाय येऊन मी काय करू? मला हात लागतात. पिशवीवाले."

दाढीवाला हसला. ही एक वेगळी हसण्याची पद्धत निघाली आहे हल्ली, आवाज नाही, दात सगळे. म्हणाला, "आजी, तीच तर गंमत. लोक खायला येणार, खाऊन झाल्यावर जाता जाता तुमच्याकडून भाजी नेणार."

आता तुम्हीच सांगा. तुम्ही सहकुटुंब बाहेर खायला गेलात. तिखट खाल्लंत, गोड खाल्लंत, वर ते निळं सरबत प्यायलात. मग तुमच्या मनात काय येतं? 'चला, आता पाच किलो कांदे घेऊ'? एका हातात आइस्क्रीम, दुसऱ्या हातात पोर, आणि कांदे काय दातांत धरून नेणार? पोट भरलेल्या माणसाला कांद्याकडे बघवत नाही, हे कळायला कुठल्या सर्वेक्षणाची गरज नाही. पण यांनी सर्वेक्षण केलं होतं. रंगीत. त्यात एक गोल होता, पोळी कापल्यासारखे त्याचे तुकडे केलेले, आणि एका तुकड्यावर लिहिलेलं, 'स्थानिक विक्रेत्यांना लाभ'. तो तुकडा हिरवा होता. माझं काही म्हणणं नाही, पण हिरवा रंग दिला की लाभ होतो, हे मला नोकरीत असताना कोणी सांगितलं नाही. नाहीतर मीही हिरवी शाई वापरली असती.

मग नोटीस लागली. 'हरकती व सूचना पंधरा दिवसांत सादर कराव्यात.' कुठे लागली? मंडईतल्या नळाच्या मागच्या खांबावर, खांबाच्या आतल्या बाजूला. नोटीस अशी लावायची की लावली हे सिद्ध व्हावं आणि वाचली मात्र जाऊ नये. हे शास्त्र आहे, आणि मी त्यातला जाणकार आहे, कारण तो खांब शोधून काढला मीच. दहा वर्षांपूर्वी. पाण्याच्या पाळ्यांची नोटीस होती. म्हणून तर मी बरोबर तिथेच जाऊन वाचली.

ताई म्हणाली, "कारकुन्या, जन्मभर दुसऱ्यांची कागदं केलीस. आता एक माझं कर."

ती मला कारकुन्या म्हणते. पाच वर्षांनी मोठी आहे, तिला माफ. आणि खरं सांगू, सुख वाटलं. सेवानिवृत्त माणसाला कोणी कागद लिहायला सांगितला की कसं वाटतं, ते तुम्हाला नाही कळणार, तुम्ही अजून नोकरीत असाल. मी कपाटातून जाड कागद काढला, शाईचं पेन धुतलं, आणि तीन दिवस बसून तीन पानांचा मसुदा केला. काय मसुदा होता. रहदारी, सांडपाणी, आगीचा धोका, मंडईत माल आणणाऱ्या गाड्यांना वाट, संध्याकाळच्या ग्राहकांचा हक्क, चौदा मुद्दे, एकात एक उपमुद्दे. माझी बायको म्हणाली, "एवढं प्रेमाने मला कधी पत्र लिहिलं नाहीत." म्हटलं, तुला कधी हरकत घ्यायची वेळ आली नाही. "आली होती," म्हणाली, "पण तेव्हा वडिलांनी विचारलं नाही."

मसुदा झाला, मग सह्यांचा तक्ता. इथे मी येतोय आता मुद्द्यावर, चुळबुळ करू नका. सह्यांचा तक्ता म्हणजे रकाने. अनुक्रमांक, गाळा क्रमांक, नाव, सही... आणि पाचवा रकाना, शेरा. आता मला सांगा, सह्यांच्या तक्त्यात शेऱ्याचा काय संबंध? काही नाही. मग आखला कशाला? सवय. छत्तीस वर्षांत शेऱ्याचा रकाना नाही असा तक्ता माझ्या हातून गेला नाही. शेरा नसलेला तक्ता मला उघडा वाटतो, टोपी न घातलेल्या शिपायासारखा. तो रिकामा राहिला तरी चालतो, पण असावा लागतो. शिवाय वर विषय लिहावा लागतो. तो मी लिहिला, 'मंडईची मागील गल्ली खाद्यबाजारास देण्याबाबत'. बाबत. कचेरीचा विषय हा नेहमी 'बाबत' असतो. तो कोणाच्या बाजूचा नसतो आणि कोणाच्या विरुद्ध नसतो. मग हरकत कुठे? हरकत मसुद्यात. तीन पानं भरून. तक्ता नुसता मागे जोडायचा.

तक्ता घेऊन ताई मंडईभर फिरली. मी नाही गेलो, माझे गुडघे. पहिला अंडेवाला, गाळा नंबर एक. ताई म्हणाली, "सही करायला काही हरकत नाही ना?"

अंडेवाला म्हणाला, "छे, हरकत नाही." आणि सही केली.

मग त्याला दिसला पाचवा रकाना. रिकामा. शेरा. आता व्यापारी माणूस सही केलेल्या कागदावर रिकामी जागा सोडत नाही, उद्या त्यात कोण काय लिहील नेम नाही. हे अगदी बरोबर आहे त्याचं. तो विचारात पडला. शेरा म्हणजे आपलं मत ना? ताईने काय विचारलं? हरकत आहे का. आपण काय म्हणालो? मग तेच लिहूया. आणि त्या भल्या माणसाने, अक्षर सुंदर आहे हो त्याचं, ठळक, सुवाच्य, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हरकत नाही'.

तिथून तक्ता गेला नंबर दोनकडे, लिंबूवाल्याकडे. त्याने सही केली, वरचा शेरा वाचला, खाली लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. नंबर तीनने त्याखाली दोन उभ्या रेघा ओढल्या, म्हणजे 'तेच'. चारने दोन रेघा. पाचने दोन रेघा. शेवटच्या गाळ्यापर्यंत. त्रेचाळीस गाळे, त्रेचाळीस सह्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसत्या रेघा, जसे काही आगगाडीचे रूळ अंथरलेत. गाळा नंबर सतरासमोरही रेघा. ताईच्या हातच्या.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही काय करत होतात? बघितलं नाहीत? बघितलं ना. सह्या मोजल्या. दोनदा मोजल्या. गाळा क्रमांक ताडले. शेरा वाचला नाही. कारण मी माझा मसुदा वाचत होतो, चौथ्यांदा, आणि मुद्दा क्रमांक अकराच्या भाषेवर खूश होत होतो. टाचणी लावली, स्वतः नेऊन दिला, पोच घेतली, पोचेवर शिक्का घेतला, शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. माझं काही म्हणणं नाही, पण असा बिनचूक सादर झालेला अर्ज त्या कचेरीत वर्षभरात आला नसेल.

सुनावणीला सगळी मंडई. वरच्या मजल्यावरचं दालन, पंखा एक, खुर्च्या वीस, माणसं साठ. एका बाजूला दाढीवाला आणि त्याचा तो हिरवा गोल. समोर टेबलाशी अधिकारी. आणि अधिकारी कोण? माझाच कनिष्ठ. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. नोकरीला लागला तेव्हा त्याला टाचणी सरळ लावता येत नव्हती, कागदातून निघून बोटात जायची. त्याला मी घडवला. उठून उभा राहिला तो मला बघून, "या भाऊसाहेब, बसा." माझी छाती दोन इंच वर. ताईला कोपराने ढोसलं. म्हटलं, बघ.

त्याने मसुदा उचलला, बाजूला ठेवला. तक्ता उचलला. आणि डोळा सरळ उजवीकडे गेला, पाचव्या रकान्यावर. कारण हे त्याला शिकवलं कोणी? मी. पहिल्याच दिवशी. 'हे बघ, मोठमोठे मसुदे कोणीही लिहितं. तू आधी शेरा वाचायचा, मग नाव. माणूस खरं काय ते शेऱ्यात बोलतो.' विसरला नाही हो. बाकीचे सगळे विसरले, हा एक विसरला नाही.

म्हणाला, "भाऊसाहेब, यांची तर हरकत नाही."

म्हटलं, "कोणाची?"

"कोणाचीच."

आणि तक्ता माझ्याकडे फिरवला. तुम्हाला सांगतो, त्या रेघा बघितल्यावर माझ्या पायाखालची फरशी... फरशी होती तिथेच, पण मी नव्हतो. अंडेवाला मागून ओरडला, "साहेब, ते मी सहीचं लिहिलं होतं, सही करायला हरकत नाही असं." अधिकारी म्हणाला, "मग तसं लिहायचं होतं. इथे विषय आहे, गल्ली देण्याबाबत. त्यापुढे शेरा, हरकत नाही. याचा अर्थ काय होतो?" लिंबूवाला म्हणाला, "मी तर वरीलप्रमाणे लिहिलं." अधिकारी म्हणाला, "वरती तेच आहे." मग बाकीचे एकेक उठून सांगायला लागले की त्यांनी काही लिहिलंच नाही, नुसत्या रेघा ओढल्या. प्रत्येक जण उठतो, "मी नुसत्या रेघा," आणि बसतो. दाढीवाला दात दाखवून ऐकतोय.

मी म्हटलं, "अरे, तीन पानांचा मसुदा आहे. चौदा मुद्दे. तो वाच."

"वाचला ना, भाऊसाहेब. उत्तम आहे. पण त्यावर सही तुमची. तुमचा गाळा कुठला?"

माझा गाळा नाही.

"म्हणजे गाळा नसलेल्या एका माणसाची हरकत आहे, आणि गाळा असलेल्या त्रेचाळीस जणांची नाही. मी काय करू, सांगा. तुम्हीच सांगायचात, कागदावर असेल तेच घडलं."

मी असं सांगायचो? सांगायचो. रोज सांगायचो. चहाच्या वेळी तर हमखास.

तेव्हा ताई उठली. जाडजूड बाई, वीस खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली, त्याच्या टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, "बाळा, कागद राहू दे. मी समोर उभी आहे. मला विचार. माझी हरकत आहे. संध्याकाळी गल्ली गेली की माझा गाळा बसला. हे घे, तोंडाने सांगते."

तो अधिकारी वाईट नाही हो. मान खाली घातली त्याने. म्हणाला, "आजी, तुम्ही समोर उभ्या आहात हे मला दिसतंय. पण समोर उभं राहिलेलं माणूस फाइलला लावता येत नाही."

आणि मग माझ्याकडे वळून, रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी काही म्हणणं?"

आता इथे मी काय बोललो ऐका. माझ्या डोक्यात चौदा मुद्दे, उपमुद्दे वेगळे, सगळे एकदम जिभेवर येऊन अडकलेले. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली, जशी मी नेहमी करतो, जशी तुमच्यासमोर मघापासून करतोय... "माझं काही म्हणणं नाही, पण..." आणि पुढे दहा मिनिटं बोललो. असा बोललो की मंडईवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने इतिवृत्ताची प्रत मिळाली. कोपऱ्यात बसलेल्या टंकलेखिकेने 'पण'च्या आधी पूर्णविराम दिला होता. पुढचं काहीच नाही. 'अर्जदारांच्या वतीने उपस्थित गृहस्थांनी आपले काही म्हणणे नसल्याचे सांगितले.' गृहस्थ. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर गृहस्थ.

गल्ली गेली. पहिल्या तारखेला दिव्यांच्या माळा लागल्या, जुनी पिंपं उलटी करून त्यांची टेबलं झाली, गाड्या लागल्या रांगेने, आणि बरोबर ताईच्या गाळ्यासमोर, चार पावलांवर, कोण आलं? तोच. उभा बटाटा.

ताई म्हणाली, ठीक आहे, बटाटा विकतोय ना, बटाटा घेईल तरी. दुसऱ्या दिवशी टोपलीत चांगले निवडक बटाटे घेऊन गेली त्याच्याकडे. तो बघून म्हणाला, "सॉरी आजी, आम्हाला युनिफॉर्म साइज लागते."

ताई म्हणाली, "का रे, शाळेत घालणार आहेस बटाटे?"

त्याला काही समजलं नाही. त्याचा बटाटा कुठून येतो माहीत आहे? बंद गाडीतून. सोललेला, कापलेला, गोठवलेला, पिशवीत हवा काढून बंद केलेला, कुठून आला कोणाला पत्ता नाही. गल्लीत गाड्या बावीस, आणि त्या बावीस गाड्यांनी मंडईतून आजवर काय घेतलं? अंडेवाल्याकडून एकदा सुट्टे मागून नेले. बस. हा स्थानिक विक्रेत्यांना लाभ. हिरवा तुकडा. नाही, एकाचं खरंच भलं झालं, खोटं कशाला बोलू, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं. पोटात जळजळ झाली की माणूस तिथूनच वळतो, त्याने जळजळीच्या औषधाचं एक वेगळं कपाट केलंय, पुढे, हाताशी. आमचे जावई म्हणतात, "बाबा, तुम्ही उगाच चिडता. शहराला जिवंतपणा येतो अशाने." आधी काय शहर मेलं होतं? रोज संध्याकाळी तीनशे माणसं पिशव्या घेऊन त्या गल्लीतून घरी जायची, ती काय प्रेतं होती? माझं काही म्हणणं नाही, जावई आहेत.

आणि ती पिशवीवाली माणसं गेली कुठे? कुठे जाणार, पुढच्या रस्त्याने वळसा घालून जातात. गर्दीतून, धुरातून, निळ्या सरबताच्या चिकट फरशीवरून कोण कांदे न्यायला येतंय? पहिल्या महिन्यात थोडी आली. दुसऱ्यात ओळखीची तेवढी. तिसऱ्या महिन्यात ताईने पोती मागवणं कमी केलं. सहापैकी चार. मग दोन. कांद्याला कोंब आले, तिने ते कोंबवाले स्वतःच्या घरी नेले, मग आमच्या घरी पाठवले. दोन महिने आम्ही कोंबवाला कांदा खाल्ला, बायको चकार शब्द बोलली नाही. माझी बायको. यावरून समजा.

शेवटी एक दिवस ताई म्हणाली, "कारकुन्या, सोडते मी गाळा. अर्ज लिही." खरं तर मला तिने तेव्हाच काहीतरी लागेलसं बोलायला हवं होतं. रकाना मी आखला होता ना. एकदा तसं म्हणालोही मी तिला. तर म्हणते कशी, "तू आखलास, आम्ही भरला. रिकामा कसा सोडायचा?" आणि लसूण निवडायला लागली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो.

अर्ज लिहिला. एक पान. 'गाळा क्रमांक सतरा परत करण्याबाबत.' कारण लिहावं लागतं. ताई म्हणाली, जे आहे ते लिही. लिहिलं, 'समोर सुरू झालेल्या खाद्यबाजारामुळे व्यवसाय बंद पडला असल्याने.' आणि गाळा परत करायला बाजार विभागाचा एक दाखला लागतो. दाखल्याचं नाव काय? विचारू नका. ना हरकत प्रमाणपत्र. या खेपेला मी प्रत्येक ओळ तिला दोनदा वाचून दाखवली, सही माझ्यासमोर घेतली, आणि शेऱ्याचा रकाना आखला नाही. मुळात तक्ताच केला नाही.

महिन्याभराने उत्तर आलं. सही माझ्या कनिष्ठाची, पण भाषा, तुम्हाला सांगतो, भाषा माझी. शब्दन् शब्द मी शिकवलेला. 'अर्जदाराने खाद्यबाजाराबाबत यापूर्वी हरकत नाही असा लेखी शेरा दिला असल्याने, त्याच बाजारामुळे व्यवसाय बंद पडल्याचे कारण अर्जदाराच्या पूर्वीच्या म्हणण्याशी विसंगत आहे. सबब, ना हरकत प्रमाणपत्र देण्यास या विभागाची हरकत आहे.'

वाचलंत? त्यांची हरकत आहे. अख्ख्या मंडईला लिहिता आली नाही ती हरकत यांना एका ओळीत लिहिता आली.

मी गेलो त्याच्याकडे. त्याने चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, कारण बदला ना. वृद्धापकाळामुळे असं लिहा. दोन दिवसांत देतो. वय बसतंय त्यांचं." बरोबर होतं त्याचं. मीही हेच सुचवलं असतं. किंबहुना हे त्याला मीच शिकवलेलं आहे, कारण खरं नसलं तरी चालतं, बसलं पाहिजे.

ताईला सांगितलं. ती पोत्यावर बसली होती, उठून उभी राहिली. म्हणाली, "वृद्धापकाळ कोणाचा? माझा?" पन्नास किलोचं भरलं पोतं होतं कोपऱ्यात, शेवटचं. ते तिने पायाने ढकललं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "लिही. पोतं सरकवता येत नाही म्हणून सोडते असं लिही. लिहितोस?"

म्हटलं, "अगं, नुसता शब्द आहे. कागदावरचा."

"मागच्या खेपेलाही नुसता शब्दच होता," म्हणाली. "मी म्हातारी झाले म्हणून सोडत नाही. मला उठवलंय. उठवलंय असं ते लिहून घेणार असतील तर सोडते. नाहीतर बसते."

म्हणून बसली आहे. सहा महिने झाले. फाइल तिथे, ताई इथे, दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. कचेरी कारण बदलल्याशिवाय घेत नाही, ताई बदलल्याशिवाय देत नाही... म्हणजे बदलून देत नाही. गाळ्यात माल म्हणाल तर एक टोपली कांदे, एक टोपली बटाटे, लसणाची एक माळ. रोज चारला येते, ओटा पुसते, काटा पुसते, बसते. आणि मीही जाऊन बसतो, पालथ्या खोक्यावर. का बसतो? घरी काय करू? आणि तिला एकटीला कशी सोडू त्या गर्दीत, रकाना माझा होता.

आता गंमत बघा. त्या खाद्यबाजारात बावीस गाड्या आहेत, पण बसायला खुर्ची एक नाही. उभ्याने खायची फॅशन असते, पाय मात्र जुन्याच पद्धतीचे असतात, ते दुखतात. मग माणसं बसायला जागा शोधतात. आणि अख्ख्या गल्लीत बसण्याजोगा, पुसलेला, सावलीतला ओटा एकच. गाळा नंबर सतरा. आधी येऊन टेकायची, मग थाळ्या ठेवायला लागली, एकाने तर काट्यावर ठेवली थाळी, ताईने वजन वाचून दाखवलं, "तीनशे वीस ग्रॅम. कमी दिलंय तुला." तो जाऊन भांडला त्या गाडीवाल्याशी. तेवढी एक संध्याकाळ बरी गेली.

काल एक जोडपं आलं. हातात दोन काठ्या, काठ्यांवर ते तुम्हाला माहीत आहेच. ताईकडे न बघता ती मुलगी मला म्हणाली, अगदी गोड आवाजात, "काका, जरा सरकता का? काही प्रॉब्लेम नाही ना?"

आता या प्रश्नाचं मराठीत उत्तर एकच आहे. जिभेला लहानपणापासून लागलेलं. ओठांपर्यंत आलं होतं. ताईने नुसती मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं आणि खोकं ओढून भिंतीकडे सरकलो. आणि तुम्हाला सांगतो, सरकायला आता तिथे जागा भरपूर आहे. पोती होती तेव्हा नव्हती.